राख, एरंडेल आणि पेव

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत किडीशी खरा झगडा धान्यासाठी असे. सुगीला आलेली ज्वारी, तूर, हरभरा वर्षभर पुरवायचा. आणि सोंडे, भुंगे, पोरकिडे नेमके पावसाळी दमट हवेत फोफावत. म्हणून पहिला उपाय उन्हाळ्यातल्या उन्हाचा. धान्य अंगणात खडखडीत वाळवून मगच ते बांबूच्या किंवा तुराट्यांच्या, शेणमातीने लिंपलेल्या कणगीत भरत.

कडधान्याला एरंडेल चोळत. भुंग्याची मादी दाण्यावर अंडी घालते, तेलाच्या पातळ थराखाली त्यांना हवा मिळत नाही. बियाण्यात चाळलेली राख मिसळत. राख दाण्यांमधल्या फटी बुजवते, शिवाय किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडते, त्यामुळे अंगातले पाणी उडून तो मरतो. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पालाही धान्याच्या थरांमध्ये घालत.

सर्वांत कल्पक सोय पेवाची. कोरड्या, घट्ट जमिनीत अरुंद तोंडाचा खोल खड्डा खणून, आतून कडबा लावून धान्य भरत आणि तोंड मातीने बंद करत. आतले धान्य आणि किडे श्वसनात प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड गुदमरते. हाच वायू माणसाचाही जीव घेतो. म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवत, दिवा सोडून तो विझतो का ते पाहत आणि मगच माणूस आत उतरे. सांगलीजवळच्या हरिपुरात अशी पेवे हळदीसाठी वापरात होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी निकामी झाली.

घरातले सगळेच जुने उपाय निरुपद्रवी होते, असे मात्र नाही. पोथ्यांना वाळवी-कसर लागू नये म्हणून वेखंड ठेवत, तसाच कागदाला हरताळही लावत, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग.

स्वच्छतेची साधनेही याच घरातली. भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी, तांब्या-पितळेला चिंच, रेशमी व लोकरी कपड्यांना रिठा. राखेतला क्षार तेलकटपणा सोडवतो, चिंचेतले आम्ल धातूवरचा काळपटपणा काढते आणि रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो.

रसायने या घरांत प्रथम मोठ्या प्रमाणावर शिरली ती सक्तीने. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारी पथके कार्बोलिक आम्ल व पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण घेऊन घरे धुऊ लागली. पुढे पॉल म्यूलरने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, आणि १९५३ पासूनच्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात त्याची फवारणी खेडोपाडीच्या भिंतींवर झाली. हिवतापाचे रुग्ण त्यामुळे झपाट्याने घटले, हे मान्य करायलाच हवे. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला.

तरीही जुने उपाय मागे पडले ते केवळ फवाऱ्यामुळे नव्हे. गॅस आला आणि चुलीची राख संपली. गोठा गेला, तसे शेणही गेले. दरमहा वाण्याकडून किंवा रेशनवर धान्य आणणाऱ्या घराला कणगीची गरज उरली नाही आणि सदनिकेत वाळवणाला अंगण नव्हते. ज्ञानाआधी कच्चा माल नाहीसा झाला.

कडुनिंबाचे तसे झाले नाही. १९६८ मध्ये त्याच्या बियांतून ॲझाडिरॅक्टिन वेगळे काढण्यात आले. ते किड्यांची भूक मारते आणि त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला, निंबोळी तेलाने वनस्पतींवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट मिळाले. त्याला विरोध करणाऱ्यांनी पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ च्या उन्हाळ्यांत झालेल्या चाचण्यांचा पुरावा मांडला. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले.