यूकेलीस, मिअर्ल लॅडरमन
(१९३९– ). टाकाऊ वस्तू, स्वच्छताश्रम व शहरी पर्यावरण यांवर काम करणारी अमेरिकन कलावंत (पहा : संकल्पना कला). जन्म डेन्व्हर येथे. मातृत्वानंतर घरकाम आणि कलानिर्मिती यांतील विभाजन नाकारून तिने १९६९ मध्ये देखभाल-कलेचा जाहीरनामा लिहिला. १९७७ पासून ती न्यूयॉर्क शहराच्या स्वच्छता खात्याची निवासी कलावंत आहे. हे पद बिनपगारी. १९७९-८० मध्ये सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून तिने प्रत्येकाचे आभार मानले. येथे माध्यम म्हणजे संवादच. १९८३ मध्ये कचरागाडीला आरसे जडवून तिने रस्त्यावरील नागरिकांना त्यांचेच प्रतिबिंब दाखवले. स्टॅटन आयलंडवरील फ्रेश किल्स कचराभूमीच्या पुनर्वापरातही तिचा सहभाग आहे (पहा : पर्यावरण कला, घनकचरा व्यवस्थापन). क्वीन्स म्यूझियममध्ये २०१६ साली तिच्या कार्याचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले.