बेसिल डॉलिव्हेरा : संघनिवडीतून पेटलेला संघर्ष

१/ ऑगस्ट १९६८. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढणारा अष्टपैलू खेळाडू काही दिवसांतच इंग्लंडच्या दौऱ्याच्या संघातून वगळला गेला. दौरा होता दक्षिण आफ्रिकेचा. आणि तो खेळाडू जन्माने तिथलाच होता.

२/ बेसिल डॉलिव्हेरा केपटाउनचा. वर्णभेदी कायद्याने त्याच्यावर ‘कलर्ड’ असा शिक्का मारला होता. गौरेतरांच्या क्रिकेटमध्ये तो कर्णधार झाला, पण देशाच्या अधिकृत संघाचे दार त्याला कायमचे बंद होते.

३/ अखेर त्याने इंग्लंडमधील समालोचक जॉन आर्लट यांना पत्रे लिहिली. त्यांच्या खटपटीमुळे १९६० मध्ये लँकेशायरमधील मिडल्टन क्लबने त्याला करारबद्ध केले. पुढे वूस्टरशायर आणि १९६६ मध्ये इंग्लंडकडून कसोटी पदार्पण. संधी हुकू नये म्हणून त्याने आपले वय काही वर्षांनी कमी सांगितले होते.

४/ १९६८ च्या ॲशेस मालिकेतील पहिल्या कसोटीत नाबाद ८७ धावा काढूनही त्याला वगळण्यात आले. शेवटच्या कसोटीआधी रॉजर प्रिडो याने माघार घेतली आणि त्याची जागा डॉलिव्हेराला मिळाली. १५८ धावांची खेळी तीच. शेवटच्या दिवशी जार्मनचा त्रिफळा उडवून विजयाची वाटही त्यानेच मोकळी केली.

५/ पडद्याआड मात्र वेगळाच डाव रंगला होता. डॉलिव्हेरा संघात असल्यास दौरा होणार नाही, हा पंतप्रधान फोर्स्टर यांचा इशारा लॉर्ड कोबहॅम यांच्यामार्फत एमसीसीच्या वरिष्ठांपर्यंत आधीच पोहोचला होता. डॉलिव्हेराने स्वतःहून दूर राहावे म्हणून त्याच्यापुढे दक्षिण आफ्रिकेतील प्रशिक्षकपदाचे मोठ्या पगाराचे आमिषही ठेवले गेले.

६/ तो बधला नाही. संघात नाव नसल्याचे पाहून इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. सप्टेंबरात टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला आणि डॉलिव्हेराची निवड झाली. हा एमसीसीचा संघ नसून वर्णभेदविरोधी चळवळीचा संघ आहे, असे म्हणत फोर्स्टर यांनी तो नाकारला. २४ सप्टेंबरला एमसीसीने दौरा रद्द केला.

७/ १९७० चा दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौराही आंदोलनांच्या दबावाखाली रद्द झाला. हा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला तो थेट नोव्हेंबर १९९१ मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर.

८/ डॉलिव्हेराची कारकीर्द १९७२ पर्यंत चालली : ४४ कसोटी, २४८४ धावा, ५ शतके, ४७ बळी. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने याच ओव्हलवर इतिहास घडवला, तेव्हा पराभूत इंग्लंड संघात तोही होता.

९/ त्याने मोर्चे काढले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. तो फक्त खेळत राहिला आणि निवड समितीला उत्तर देणे भाग पडले. खेळात राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांना या प्रकरणाने दाखवून दिले, की त्या मैदानात राजकारण आधीपासूनच होते. कोणी खेळायचे हे तेच ठरवत होते. आज इंग्लंड-दक्षिण आफ्रिका कसोटी मालिकेचा चषक त्याच्याच नावाने दिला जातो.