गदाधरसिंह, हाजिर हो!

'चंद्रकांता' म्हटलं की आमच्या पिढीला आठवते ती रविवारची सकाळ, दूरदर्शन आणि भुवया उडवत 'यक्कू' करणारा क्रूरसिंह. १९९४ साली सुरू झालेली ती मालिका मूळ कादंबरीपासून बरीच लांब भरकटली होती, पण तो आजचा विषय नाही. विषय आहे 'चंद्रकांता'च्या सीक्वलचा, आणि त्या सीक्वलमध्ये मागच्या दाराने घुसून सगळी कादंबरीच खिशात घालणाऱ्या एका चोराचा. त्याचं नाव भूतनाथ. खरं नाव गदाधरसिंह.

आधी लेखकाबद्दल थोडं. देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) हे मूळचे बिहारचे, नंतर काशीला स्थायिक झालेले. काशीनरेशांकडून त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. लाकूडफाट्याचा हिशोब बघायला जायचं आणि पडक्या गढ्या, गुहा, खोरी पालथी घालत हिंडायचं असा हा ठेकेदार. पुढे ठेका गेला आणि डोक्यात गढ्या राहिल्या. १८८८ मध्ये 'चंद्रकांता' आली. नौगढचा राजकुमार, विजयगढची राजकुमारी, मध्ये चुनारगढचा राजा. ही तिन्ही ठिकाणं आजही नकाशावर आहेत, चंदौली, सोनभद्र आणि मिर्झापूर जिल्ह्यांत. म्हणजे 'एक आटपाट नगर होतं' छापाची ही अद्भुतकथा नाही. वाचणाऱ्याला 'अरे, हे तर आपल्या मामाच्या गावाशेजारी!' असं वाटावं इतका जवळचा हा पत्ता.

या कादंबऱ्यांचे खरे हीरो राजपुत्र नाहीत, ते आपले प्रेमात पडून उसासे टाकत बसतात. सगळी कामं करतात ऐयार. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य, धावपटू आणि भामटा, सगळं एकाच माणसात. कमरेला बटवा, त्यात बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा, शिवाय भिंतीवर टाकायला कमंद. हा शब्द खत्रींनी तयार केलेला नाही. अरबीतला 'अय्यार' म्हणजे भटक्या, गुंड, रस्त्यावरचा टगा. ८१२-१३ मध्ये खलिफा अल-अमीन आणि त्याचा भाऊ अल-मामून यांच्या भांडणात बगदादला वेढा पडला, तेव्हा अमीनच्या बाजूने शहर लढवायला उतरले ते हेच लोक. अंगावर चिलखत नाही, हातात जे सापडेल ते. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी सिस्तानात याकूब नावाचा एक तांबट अशाच टोळीत शिरला, ८६१ मध्ये प्रांताचा धनी झाला आणि त्याने चक्क राजघराणं स्थापन केलं. सफ्फारी हे त्या घराण्याचं नाव, 'सफ्फार' म्हणजे तांबट! ८७६ मध्ये तो खुद्द बगदादवर चालून गेला, तिथे मात्र हरला.

एकाच शब्दात लुटारू आणि शूर असे दोन्ही अर्थ मुरले ते हे असे. फारसी कथांमध्ये ऐयार नायक झाला, आणि अमीर हमज़ाच्या दास्तानात अमर ऐयार आला, जगातलं काहीही मावेल अशी झोळी बाळगणारा कमालीचा लोभी पण धन्याशी इमानी माणूस. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे भलेथोरले उर्दू खंड काढायला सुरुवात केली. खत्रींची 'चंद्रकांता' त्यानंतर पाचच वर्षांनी आली. ऐयार आणि तिलिस्म हे दोन्ही या परंपरेतले.

पण खत्रींनी एक मोठा फरक केला, आणि इंजिनिअर मंडळींना तो आवडावा. त्यांच्या तिलिस्मात जादू नाही. कळ दाबली की दगड सरकतो, कारण आत स्प्रिंगा, तारा आणि चक्रं आहेत. तिलिस्मी खंजीर हातात धरला की झटका बसतो, कारण त्यात वीज आहे, आणि जोडीची अंगठी घातली तर बसत नाही. (अर्थिंग!) हे सगळं संभव की असंभव यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून वाद झाला आणि खत्रींनी 'संतति'मध्येच त्याला उत्तर दिलं.

तर 'चंद्रकांता संतति'. १८९४ ते १९०५, चोवीस भाग. चंद्रकांतेची मुलं मोठी झाली आहेत, राजपुत्र दोन आणि तिलिस्म आणखी मोठा. सीक्वलचं नेहमीचं संकट इथेही दिसतं, सगळं दुप्पट करायचं पण नवीन काय सांगायचं? पहिल्या कादंबरीतले तेजसिंह वगैरे ऐयार हुशार आहेत, पण त्यांच्यात आतून काहीच हलत नाही. ते आपल्या बाजूचे म्हणून चांगले. शिवाय त्या जगात एक सभ्य नियम आहे, पकडलेल्या ऐयाराला मारायचं नाही, कैदेत ठेवायचं. ऐयारी म्हणजे रक्त न सांडता युद्ध मिटवायची कला, असं खत्री 'चंद्रकांते'च्या भूमिकेत सांगतात. थोडक्यात, सगळा खेळ खिलाडूपणाचा.

भूतनाथ हा खेळ मोडतो. तो येतो तो मदत करायला, आणि करतोही, अगदी जिवावर उदार होऊन. पण कुणी जुनं काही काढलं की याचा चेहरा पांढराफटक. कारण याच्या मागच्या आयुष्यात पैशासाठी केलेले उद्योग आहेत, दयाराम नावाच्या मित्राच्या खुनाचा ठपका आहे, आणि स्वतःच्या हातांनी लिहिलेल्या पत्रांचा एक गठ्ठा भलत्या माणसाच्या हाती पडलेला आहे. वेषांतर करून जगाला फसवता येतं, पण अक्षर कसं बदलणार? इतका निर्ढावलेला ऐयार कागदाला घाबरतो, हे मला फार खरं वाटतं. त्याला चांगलं व्हायचं आहे असंही नाही हो! त्याला आधी सुटायचं आहे. राजाच्या पक्षाची सेवा तो करतो ती उद्या दरबारात उभं राहावं लागलं तर जमेच्या बाजूला काहीतरी असावं म्हणून. सुरुवातीला तरी.

शेवटी तो दरबार भरतो. भागांमागून भाग ही सुनावणी चालते, साक्षीदार येतात, बुरखे उतरतात, खोटी माणसं खरी आणि खरी खोटी निघतात. लांबण फार आहे, मी काही पानं उड्या मारत वाचली. तरी तिथे जे चाललंय ते वेगळं आहे. तिलिस्म फोडणं राजपुत्रांच्या नशिबात आधीच लिहिलेलं, तो तर फुटणारच. भूतनाथला माफी मिळेल का, हे कुणाच्याच नशिबात लिहिलेलं नाही. ती मिळते. आणि आपली हकिकत त्याने स्वतः लिहून द्यावी असं ठरतं.

आपल्याकडेही बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला लोकांनी असाच जीव लावला. पण झुंजारला अपराधाची टोचणी फारशी नाही, तो मजेत असतो. भूतनाथ सहसा मजेत नसतो.

या सगळ्याची आणखी एक बाजू आहे. त्या काळी संयुक्त प्रांतात कचेरीची लिपी उर्दू होती. १८९३ मध्ये काशीला नागरी प्रचारिणी सभा निघाली, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि १९०० मध्ये सरकारने कोर्टकचेऱ्यांत नागरीलाही जागा दिली. त्याच वर्षांत 'संतति'चे भाग निघत होते. रामचंद्र शुक्लांनी १९२९ च्या आपल्या इतिहासात खत्रींना साहित्याच्या पंगतीत बसवलं नाही, पण यांनी जितके हिंदी वाचक तयार केले तितके कुणीच केले नाहीत, कित्येक उर्दूवाले फक्त हे वाचायला हिंदी शिकले, हे कबूल केलं. अर्जांचं काम अर्जांनी केलं असेलच. पण पुढच्या भागात त्या पत्रांचं काय होतं हे कळावं म्हणून माणूस अख्खी लिपी शिकतो, याला तोड नाही. :)

भूतनाथची ती हकिकत १९०७ पासून 'भूतनाथ' या नावाने येऊ लागली. माफी मिळालेला माणूस आता मागे जाऊन सांगणार की हे सगळं झालं कसं. प्रीक्वल, आजच्या भाषेत. शेवट वाचकाला माहीत असताना लिहायचं, म्हणजे कामच अवघड. सहा भाग झाले आणि १९१३ मध्ये खत्री गेले.

मुलगा दुर्गाप्रसाद तेव्हा अठराच्या आसपासचा. वडिलांची लहरी प्रेस, अर्धवट सोडलेली शेकडो पात्रं, कोण कुणाच्या वेषात कुठे कोंडलेलं आहे याचा गुंता, आणि वाट बघणारे वाचक. दुसऱ्याने लिहिलेला कोड ताब्यात घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि इथे तर लिहिणाऱ्याला विचारायचीही सोय नव्हती. दुर्गाप्रसादांनी उरलेले पंधरा भाग लिहून एकविसाव्याला गदाधरसिंहाची गोष्ट पुरी केली. मग ते 'रोहतासमठ'कडे वळले.