विहिरीवरील इंजिन आणि झडपेची उचल

धाराशिव जिल्ह्यांतील शेतीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं पाणी वर आणण्याचा इतिहास आहे. बालाघाटाच्या पठाराचा हा मुलूख पर्जन्यछायेंत पडतो. तेरणा, मांजरा, बोरी या नद्या असल्या, तरी शेतकऱ्याची भिस्त फार करून विहिरीवरच राहिली. बैलांची जोडी, नाडा आणि कातड्याची मोट यांवर शतकें लोटलीं. विहीर जितकी खोल, तितकी बैलांची धांव लांब, आणि तितकेंच दिवसाकाठीं भिजणारें रान थोडें.

मोटेची जागा घेणारें तेलाचें इंजिन मराठी मुलखांतच घडूं लागलें. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें तयार होऊं लागलीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० मध्यें वसविलेल्या किर्लोस्करवाडीचे नांगर आणि पंप शेतकऱ्यांच्या परिचयाचे होतेच. १९४६ मध्यें शंतनुराव किर्लोस्कर यांच्या पुढाकारानें पुण्याजवळ खडकी येथें तेल-इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. धाराशिव त्या वेळीं उस्मानाबाद या नांवानें निजामाच्या राज्यांत होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपुष्टांत आलें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि पुढील काळांत विहिरीच्या कांठीं इंजिनाचा आवाज ओळखीचा झाला.

या इंजिनाच्या माथ्यावर एक लहानशी तरफ असते. कारागीर तिला रॉकर म्हणतात. ती तेथें कशी आली, आणि शेतकऱ्याच्या पाण्याशीं तिचा संबंध काय, हें आज सांगावयाचें आहे.

इंजिनाला दोन झडपा असतात. एकीनें हवा आंत येते, दुसरीनें धूर बाहेर जातो. झडप आपल्या बैठकीपासून जितकी दूर सरकते, ती तिची उचल. व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी उचल मिळाली, म्हणजे झडपेभोंवतालची वाट आणि तिच्या भोकाचें तोंड यांचें क्षेत्र सारखें होतें. उचल त्याहून कमी पडली, तर दार अर्धेंच उघडल्यासारखें होतें.

आरंभीं ही उचल कोणी ठरवीत नसे. निकोलाउस ओटो यानें १८७६ मध्यें चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, तेव्हां त्यांत सरकती झडप होती. १८९५ मधील द दियाँ-बूतों यांच्या छोट्या इंजिनांत हवेची झडप दट्ट्याच्या ओढीनें आपोआप उघडे. तिची स्प्रिंग नाजूक असे, आणि वेग वाढला कीं झडपेचा ताल चुके. मग हवेच्या झडपेखालींही कॅम आला. झडपा सिलिंडरच्या बाजूला असत, आणि कॅमचा उंचवटा त्यांना सरळ वर ढकली. यांत तरफेचें प्रयोजन नव्हतें.

डिझेल इंजिनानें हा सोपा मार्ग बंद केला. त्यांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. त्यासाठीं हवा फार थोड्या जागेंत कोंडावी लागते, आणि बाजूच्या झडपांचा कप्पा ती जागा वाढवितो. म्हणून झडपा माथ्यावर गेल्या. कॅम मात्र खालींच राहिला. दोहोंना जोडण्यासाठीं लांब पुशरॉड आणि रॉकर आले, आणि त्यांबरोबर भूमिति आली.

रॉकरच्या टेकूपासून झडपेकडील भुजा पुशरॉडकडील भुजेच्या सव्वापट असेल, तर कॅमची उचल झडपेपाशीं सुमारें सव्वापट होते. मात्र त्यांतून एक वजाबाकी करावी लागते. तापलेली झडप लांबते, म्हणून रॉकर आणि झडपेचा दांडा यांत थोडें अंतर मुद्दाम राखतात. उदाहरणार्थ, कॅमची उचल ६ मिलिमीटर, भुजांचें प्रमाण सव्वापट आणि अंतर पाव मिलिमीटर असेल, तर झडपेला ७.५ वजा ०.२५, म्हणजे ७.२५ मिलिमीटर उचल मिळते. अंतर एक मिलिमीटर झालें, तर ती साडेसहावर येते. शिवाय झडप उशिरां उघडते आणि लौकर मिटते.

तरफेचा कोनही महत्त्वाचा आहे. रॉकरचें टोंक वर्तुळाकार फिरतें, तर झडप सरळ रेषेंत चालते. निम्म्या उचलीच्या वेळीं भुजा दांड्याशीं काटकोनांत असली, तर टोंक बाजूला कमीत कमी सरकतें. हा मेळ बिघडला, कीं टोंक दांड्याला आडवें रेटतें आणि त्याची वाट झिजून लांबट होते.

येथें एक गोष्ट अनेकांस उलटी वाटते. कॅम किंवा रॉकर झिजला, तर अंतर वाढतें आणि माथ्यावर खडखड ऐकूं येते. परंतु झडपेची बैठक झिजली किंवा घासून घेतली, तर झडप माथ्यांत खोल बसते, दांडा वर येतो आणि अंतर घटतें. हा दोष आवाज करीत नाहीं. अंतर अगदीं संपलें, तर झडप मिटतच नाहीं. दाब निसटतो, झडप जळूं लागते, आणि हँडल कितीही फिरविलें तरी इंजिन पेट घेत नाहीं. बैठक घासल्यावर अंतर पुन्हां मोजावयाचें, तें यासाठीं.

मिनिटास सहाशें फेरे घेणाऱ्या इंजिनाची प्रत्येक झडप सेकंदास पांच वेळां, म्हणजे आठ तासांत एक लक्ष चव्वेचाळीस हजार वेळां उघडते. तेव्हां झीज चुकत नाहीं. ती वेळींच मोजणें एवढेंच हातीं असतें. ज्वारीला किंवा हरभऱ्याला एक पाळी हवी, आणि इंजिन चार दिवस मुकें राहिलें, तर पाणी विहिरींत असूनही पीक वाळतें.

पुढें वीज आली आणि अनेक विहिरींवर विजेचे पंप बसले. तरी रॉकर गेलेला नाहीं. पुष्कळ मोटारसायकलींच्या इंजिनांत तो आजही चालतो. लांब भुजेनें भार सोपा होतो, हें मोट हांकणाऱ्या पिढ्यांनाही पहारीच्या अनुभवानें ठाऊक होतें. इंजिनानें त्या ज्ञानाला पाव मिलिमीटरच्या मापाची जोड दिली. कारखान्यानें ठरविलेली उचल झडपेला मिळते कीं नाहीं, हें शेवटीं तें माप तपासणाऱ्या हातावरच अवलंबून असतें.