प्रसूतीनंतरची जुनाट कंबरदुखी

बाळंतपणानंतर 12 आठवडे उलटूनही न थांबणारे कमरेचे दुखणे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे अस्थिबंध सैलावतात, पोटाचे स्नायू ताणून मधोमध फाकतात आणि कण्याचा आधार कमी पडतो. पुढे पोक काढून पाजणे, खालच्या अंथरुणावरून बाळ उचलणे, त्याला सतत एकाच कडेवर घेणे यांची भर पडते. कमरेखालचा सांधा दुखावला असेल, तर कूस बदलताना नेमकी कळ येते.

‘पाठीत सुई टोचली म्हणून कंबर धरली’ असे घरोघरी ऐकू येते. टोचल्या जागी काही दिवस दुखते खरे. पण पाठीत सुई टोचून दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल भुलीचा दीर्घकालीन कंबरदुखीशी संबंध अभ्यासांत आढळलेला नाही.

शेक-मालीशने आराम पडतो, मात्र स्नायू बळकट होतात ते व्यायामाने. फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे खोल स्नायू व ओटीपोटाचा तळ यांचे व्यायाम शिकावेत. पाजताना पाठीमागे आणि मांडीवर उशी घ्यावी. ड जीवनसत्त्वाची कमतरताही तपासावी. ‘बाळंतपणानंतर दुखायचंच’ म्हणून बाईला गप्प करणे अन्यायाचे आहे. ताप, पायात बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.