विसरणाऱ्यांची घरे

आमच्या परिचयातील एका घराण्यातील वडीलधारे गृहस्थ निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून शिकले आणि पुढे चाळीस वर्षे त्यांनी वकिली केली. घरात मराठी, न्यायालयात आधी उर्दू व मग इंग्रजी, पक्षकारांशी तेलुगू आणि गल्लीत दख्खनी असा त्यांचा नित्याचा क्रम होता. ऐंशीनंतर स्मृती ढासळत गेली. रात्री उठून ते दार उघडू लागले, जिना उतरून कोठीच्या गर्दीत शिरू लागले. अखेर मुलांना त्यांची व्यवस्था शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात करावी लागली. आठवड्याभरातच तेथून निरोप आला, की आजोबा हाताने पिण्याची खूण करतात आणि पाण्याची बाटली पुढे केली की भिरकावून देतात. मुलगी भेटीस गेली तेव्हा उलगडा झाला. ते 'तांब्या' मागत होते. सेविका मनाने चांगली होती, पण तांब्या म्हणजे काय हे त्या तेलुगू मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आयुष्यभर ज्या तेलुगूत त्यांनी पक्षकारांची समजूत घातली, ती त्यांच्यापाशी आता उरली नव्हती.

आपल्यातील अनेक घरांना हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही. म्हणूनच स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न आपल्याकडे कसा उभा राहिला आणि पूर्वी त्याचे उत्तर कोण देत असे, हे पाहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम शब्दाचेच पाहू. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, परंतु तेथे तो रोगाचे नाव नाही. आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि मग स्मृतिभ्रंश, अशा मनाच्या अधोगतीची ती एक पायरी आहे. बोलीभाषेने या अवस्थेला 'साठी बुद्धी नाठी' म्हटले, 'म्हातारचळ' म्हटले. आपल्या मोहल्ल्यातील उर्दूभाषक शेजारी 'सठियाना' म्हणत आले. दोन्ही भाषांनी साठीचाच आकडा धरावा, यात त्या काळच्या आयुर्मानाचे प्रतिबिंब आहे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतात जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंमुळे तो आकडा इतका खाली गेला होता हे खरे, तरीही ऐंशी गाठणारा माणूस तेव्हा विरळाच. त्यामुळे चळलेले म्हातारपण गावात एखाद्या घरी दिसे आणि ते रोग म्हणून नव्हे, तर स्वभाव म्हणून अथवा प्रारब्ध म्हणून स्वीकारले जाई.

अशा माणसाला सांभाळत कोण असे? 'एकत्र कुटुंब' हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. आम्हांस ते अपुरे वाटते. एकत्र कुटुंबात पुरुष पुष्कळ असत, पण म्हाताऱ्याचे अंथरूण बदलणारा पुरुष आम्ही तरी पाहिला नाही. ते काम सुना करीत आणि त्यांच्याहूनही अधिक, माजघरात आयुष्य काढलेल्या विधवा आत्या, मावश्या व चुलत्या करीत. बालविवाह आणि वैधव्य यांनी प्रत्येक मोठ्या घराला एक बिनपगारी परिचारिका पुरवली होती. रात्री सासऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी निजणारी, ते उठले की हाताला धरून पुन्हा अंथरुणावर नेणारी ती बाई वंशावळीत सहसा सापडत नाही. ती प्रथा गेली हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर आपली जुनी शुश्रूषाव्यवस्थाही गेली आणि तिच्या जागी काय आणायचे याचा विचार आपण केला नाही. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या आणि मुले परदेशी गेली ही कारणे आपण नेहमी सांगतो. ती खरी असली तरी नंतरची आहेत.

घराबाहेरची सोय म्हणावी तर आपल्या शहरात रुग्णालयाची परंपरा फार जुनी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस महंमद कुली कुतुबशहाने दारुलशिफा बांधले. मधोमध चौक आणि भोवती दुमजली खोल्या अशा त्या वास्तूत युनानी वैद्यकाचे शिक्षण आणि उपचार एकत्र चालत. परंतु रुग्णालय म्हणजे बरे होऊन परतण्याचे ठिकाण. जे बरे होणारच नाही त्यासाठी हिंदूंकडे काशीवासाची कल्पना होती आणि तीही शुद्धीत असलेल्या माणसासाठी. अपंग व निराधार वृद्धांना कायमचे राहण्यासाठी घर ही कल्पना मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकात पुण्यास रुजली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले अनाथ पंगू गृह आज 'निवारा' या नावाने ओळखले जाते. तेथे गरिबीला आसरा मिळे. विस्मृतीचा वेगळा विचार तेथेही नव्हता.

विस्मृतीच्या वाट्याला आले ते वेड्यांचे इस्पितळ. त्या इतिहासात आपला एक दुवा आहे. निजामी राज्याचे मनोरुग्णालय दीर्घकाळ जालन्यास होते, म्हणजे मराठवाड्यात, मराठी भूमीत. १९५३ मध्ये ते हैदराबादेत एर्रागड्डा येथे हलवण्यात आले. मुंबईकर 'ठाणे' ज्या अर्थाने उच्चारतात, पुणेकर 'येरवडा' म्हणतात, त्या अर्थाने या शहरात 'एर्रागड्डा' हा शब्द रूढ झाला. आपल्या घरच्या म्हाताऱ्याच्या संदर्भात तो कोणी उच्चारला तर बोलणेच थांबे. वेडाची ही लाज स्मृतिभ्रंशालाही चिकटली. आजोबा 'जरा विसरतात' एवढेच पाहुण्यांना सांगितले जाई. मुलींची लग्ने ठरेपर्यंत तर तेवढेही नाही.

खरे म्हणजे या विकाराला वेडापासून वेगळे ओळखण्याचे काम तोवर झाले होते. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर या पन्नाशी नुकत्याच ओलांडलेल्या स्त्रीला तपासले. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले आणि त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत ते मांडले. सभेने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींनी विवेकवर्धिनी उभी केली तेही हेच दशक. जामबागेत मराठी मुलांच्या शिक्षणाची चिंता सुरू झाली तेव्हा तिकडे विस्मृतीचे विच्छेदन चालू होते, हा केवळ योगायोग. मनात आला म्हणून नोंदवला.

भारतात ही जाणीव संस्थारूपाने येण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली. १९९२ मध्ये केरळात डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांच्या पुढाकाराने 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि तिच्या शाखा पुढे देशभर, हैदराबादेतही, निघाल्या. याच संस्थेने गुरुवायूर येथे २००५ च्या सुमारास केवळ स्मृतिभ्रंशग्रस्तांसाठी निवासी घर चालू केले. बंगळुरात १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टने २०१० मध्ये मोठे केंद्र उभारले. मुंबई-पुण्याकडेही पुढे अशी काही घरे निघाली. पण संख्येच्या मानाने हे सारे तोकडेच. २०१० च्या अहवालात देशातील स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अंदाज ३७ लाख होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे सांगितले. पुरुषांहून स्त्रियांत ते अधिक आढळले. आयुष्यभर दुसऱ्यांचे पथ्यपाणी पाहिलेल्या बायकांना अखेरीस कोण पाहते, हा प्रश्न त्या आकड्यात आहे.

कायदाही येथे अडखळतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. परंतु बहुतेक वृद्धाश्रमांची पहिली अट असते ती अर्जदार चालता-फिरता व मनाने सावध असावा ही. मनोरुग्णालय याला आपला रुग्ण मानत नाही आणि वृद्धाश्रम याला घेत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत गेल्या दोन दशकांत शहरांच्या कडेला खासगी शुश्रूषागृहे निघाली. काही मनापासून चालवलेली, काही बंगला भाड्याने घेऊन खाटा मांडलेली. त्यांचा महिन्याचा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला परवडत नाही, हे सांगायला नकोच.

यानंतरची गोष्ट आपल्या शहराच्या अभिमानाची आहे. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे आपले 'निम्स', येथील स्मृतिचिकित्सालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९१ जण दोन वा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा या लोकांत विकाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले. हा फरक शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांतही आढळला. म्हणजे तो शिक्षणाचा परिणाम म्हणून सोडून देता येत नव्हता. परदेशात असे अभ्यास झाले होते, पण तेथे दोन भाषा बोलणारे बहुधा स्थलांतरित असत, त्यामुळे कारण भाषा की स्थलांतर हे सांगणे कठीण जाई. हैदराबादेत बाजारात भाजी घेणाऱ्यालाही दोन भाषा लागतात. म्हणून जगाला हे उत्तर या शहरात मिळाले. दोनहून अधिक भाषांचा मात्र वेगळा लाभ दिसला नाही. चार भाषांची ऐट मिरवणाऱ्या आम्हा जामबागकरांचा तेवढा हिरमोड झाला.

पण भाषा जशी ढाल होते तशी ती अखेरीस एकाकीही करते. स्मृतिभ्रंश वाढत गेला की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी ओसरते आणि आईकडून आलेली मागे राहते. सर्वांचे असेच होते असे नाही. परंतु जेथे होते तेथे आपल्यासारख्यांची अवस्था बिकट होते. पुण्यातील वृद्ध शेवटी मराठीत उरला तर त्याच्या भोवती मराठी असते. हैदराबादेतील मराठी वृद्ध मराठीत उरला तर त्याच्या शुश्रूषागृहात ती कोणालाच येत नसते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा येथे राहिलेल्या घरांनी शाळा सांभाळली, ग्रंथसंग्रहालय सांभाळले, गणेशोत्सव व व्याख्यानमाला सांभाळल्या. मराठीत जगण्याची सोय झाली. मराठीत विसरण्याची सोय कोणाच्या मनात आली नाही.

इतरत्र ती आली आहे. स्वीडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फिनिश बोलणारे लोक राहतात. २०१० पासून लागू झालेल्या कायद्याने, ठरावीक नगरपालिकांच्या क्षेत्रात, त्यांच्या वृद्धांना आपली शुश्रूषा पूर्णतः वा अंशतः फिनिशमध्ये मागण्याचा हक्क दिला. नेदरलंड्समध्ये वेस्प गावी २००९ मध्ये 'होगेवेक' ही वसाहत उघडली. तेथील साऱ्या रहिवाशांना तीव्र स्मृतिभ्रंश असतो. सुरुवातीला तेथे २३ घरे होती, प्रत्येकात सहा-सात माणसे, शिवाय वाणसामानाचे दुकान, उपाहारगृह, चौक. बाहेरचे दार बंद, आत मात्र फिरण्यास मोकळीक. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. तेथील घरे आरंभी सात जीवनपद्धतींनुसार सजवली होती आणि त्यांतील एक, डच वसाहतीच्या काळात इंडोनेशियात आयुष्य काढलेल्यांसाठी होती. त्या घरात जेवण तिकडचे, वस्तू तिकडच्या. दूर देशी जाऊन राहिलेल्यांची आठवण ही स्वतंत्र गोष्ट आहे, हे त्या संस्थेला सुचले. जर्मनीतील काही वृद्धाश्रमांनी दाराबाहेर खोटा बसथांबाही उभारला आहे. घरी जायला निघालेला वृद्ध तेथे बसतो आणि काही वेळाने कशासाठी निघालो हे विसरून परततो. युक्ती दयाळू आहे, पण आम्हांस ती खटकते. ज्या माणसाने आयुष्यभर खरी बस पकडली त्याला न येणाऱ्या बसची वाट पाहायला लावणे बरे नव्हे. यावर आमच्या घरातच मतभेद आहेत, आणि ज्यांनी प्रत्यक्ष रात्री जागून काढल्या त्यांचे मत आमच्या विरुद्ध आहे.

२०१३ च्या 'अस्तु' या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे व्यासंगी चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या घरी पोचतात. माहुताची कानडी बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे भाषेवाचून काम भागते, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू, की चन्नम्मेला एकच म्हातारा सांभाळायचा होता आणि तोही थोडाच वेळ. शुश्रूषागृहातील सेविकेपुढे अनेक खाटा असतात आणि बारा तासांची पाळी. तिला शब्द पुरवणे हे घरच्यांचे काम आहे.

वकीलसाहेबांच्या मुलीने ते केले. पितळी तांब्या व फुलपात्र नेऊन ठेवले, आणि एका वहीच्या पानावर तेलुगू लिपीत वडिलांच्या तोंडचे तीसेक मराठी शब्द लिहून शेजारी तेलुगू अर्थ दिले. तांब्या, मोरी, मऊ भात, उपरणे, गार, दुखते, देवघर. पान खाटेशेजारच्या भिंतीला चिकटवले. मोरीचा अर्थ कळल्यावर दिवसाचा निम्मा त्रागा थांबला. पुढे दीड वर्ष ते तेथे होते. त्यांच्या पश्चात सामान आणायला मुलगी गेली तेव्हा पानाच्या तळाशी वेगळ्या शाईत, सेविकेच्या हस्ताक्षरात, आणखी दोन नोंदी होत्या : 'पुरे' आणि 'बस जरा'.