प्रायमर (वाहनांचे रंगकाम)

प्रायमर म्हणजे वाहनाच्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकच्या भागावर मुख्य रंगाआधी दिला जाणारा पायाभूत लेप होय. रंग पृष्ठभागाला घट्ट धरून ठेवणे, धातूला गंजापासून वाचवणे आणि घासकामानंतर राहिलेले बारीक चरे भरून काढणे ही त्याची तीन मुख्य कामे आहेत. ही तिन्ही कामे सारखीच चांगली करणारा एकच प्रायमर नसतो. त्यामुळे ओरखडे, पोचे, गंजाचे ठिपके अशा किरकोळ दुरुस्तीत प्रायमरची निवड प्रामुख्याने घासल्यावर खाली काय उघडे पडले आहे, यावरून केली जाते.

कारखान्यातील मूळ लेप

कारखान्यात मोटारीच्या सांगाड्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. नंतर सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्यावर लेप चढवतात. त्यावर सरफेसर, रंग व पारदर्शक क्लिअर कोट असे थर येतात. सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. हौदातील लेप फवाऱ्याने न पोचणाऱ्या पोकळ्यांतही पोचतो, पण दुरुस्तीच्या वेळी तो पुन्हा देता येत नाही. म्हणून शाबूत असलेला मूळ लेप शक्यतो घासून काढत नाहीत.

प्रकार

एक-घटक प्रायमर: यातील द्रावक उडून गेला की तो वाळतो. साध्या स्प्रे कॅनमध्ये बहुधा हाच असतो. वापरास सोपा असला, तरी तो ओलावा शोषतो आणि थिनरने पुन्हा मऊ पडू शकतो.

इपॉक्सी प्रायमर: हा सामान्यतः हार्डनर मिसळून वापरतात. उघड्या धातूला तो घट्ट चिकटतो व ओलावा चांगला रोखतो. मात्र सावकाश वाळतो.

इच प्रायमर: यातील फॉस्फोरिक आम्ल धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पकड निर्माण करते. तो अतिशय पातळ द्यावयाचा असतो व चरे भरत नाही.

टू-के सरफेसर: हार्डनरसह वापरला जाणारा हा जाड प्रायमर चरे भरतो व सहज घासला जातो. गंजरोधनासाठी एकट्या सरफेसरवर विसंबत नाहीत.

प्लॅस्टिक प्रायमर: पॉलिप्रॉपिलीनच्या बंपरवर सामान्य रंग नीट चिकटत नाही, त्याआधी हा पातळ थर देतात.

रेड ऑक्साइड: फाटके, ग्रिल यांसाठी भारतात सर्रास वापरला जाणारा हा प्रायमर बहुधा आल्किड रेझिनवर आधारित असतो. त्यावर तीव्र थिनरचा रंग मारल्यास तो सुरकुततो. जस्तविलेपित पत्र्यावर आल्किडची जस्ताशी अभिक्रिया होऊन लेप कालांतराने सुटतो.

पृष्ठभागानुसार निवड

ओरखडा केवळ क्लिअर कोट किंवा रंगापुरता असेल, तर धातूसाठीच्या प्रायमरची गरज नसते. कडा घासून सपाट करतात व आवश्यक तेथे सरफेसर देतात. नाण्याएवढा पत्रा उघडा पडला असेल, तर इच किंवा इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात देऊन वर सरफेसर देतात. मोठ्या उघड्या भागासाठी, तसेच ॲल्युमिनियम व जस्तविलेपित पत्र्यासाठी इपॉक्सी अधिक भरवशाचा मानला जातो.

पोचा भरताना वापरली जाणारी पॉलिएस्टर लांबी इच प्रायमरवर भरत नाहीत, कारण आम्लामुळे ती नीट कडक होत नाही. लांबी स्वतःही ओलावा शोषते, म्हणून ती घासल्यावर लवकर झाकावी लागते.

गंजावर दिलेला कोणताही प्रायमर गंज थांबवत नाही. पत्र्यातील खड्ड्यांच्या तळाशी राहिलेला गंज लेपाखाली पसरतो व काही काळाने रंगाला फोड येतात.

जुना रंग कोणता हे ठाऊक नसल्यास थिनरमध्ये भिजवलेले फडके आडजागी घासून पाहतात. रंग विरघळून फडक्याला लागला, तर तो एक-घटक प्रकारचा असण्याची शक्यता असते. अशा रंगावर प्रायमरचे भरपूर ओले थर दिल्यास तो उचलला जातो.

हवामान व कृती

पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारे दव असले, तरी प्रायमरची पकड बिघडते. म्हणून पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात या अटी पाळणे कठीण जाते. तेथील खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजत असल्याने घासकाम व प्रायमर एकाच दिवशी उरकणे हिताचे ठरते. केवळ एक-घटक प्रायमर दिलेली गाडी रंगाविना पावसात उभी ठेवल्यास ओलावा थेट पत्र्यापर्यंत पोचतो.

सुरक्षितता

अनेक टू-के सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे गेल्यास दमा होऊ शकतो व एकदा संवेदनशीलता निर्माण झाली की अल्प संपर्कही त्रासदायक ठरतो. धुळीसाठीचा साधा मास्क त्यापासून संरक्षण देत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आवश्यक असतो. काही जुन्या प्रायमरमधील झिंक क्रोमेट कर्करोगकारक आहे. त्यामुळे जुन्या वाहनाचा रंग कोरडा घासणे टाळतात. ही साधने नसल्यास हार्डनरयुक्त प्रायमरचे काम सुसज्ज कार्यशाळेकडे सोपवणे योग्य ठरते.